नायगावचा माळ, कुसळं आणि आमच्या गायरानावरचे खड्डे

तरवड (धागाकर्ता)
रविवार, रात्री ९:१२

राम राम मंडळी. इथं रोज वाचतो, लिहायला आज बसलो, कारण डोकं तापलंय.

आमचं गाव पाटोदा तालुक्यातलं. गावाच्या वरच्या अंगाला चाळीस-बेचाळीस एकर गायरान आहे. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत तिथं ‘घनदाट जंगल’ उभं करायचा ठराव येणार आहे. रोपं फुकट, खड्डे फुकट, फोटो तर निघणारच. ठराव व्हायच्या आधीच मागच्या आठवड्यात जेसीबी येऊन एका कडेला सत्तर-ऐंशी खड्डे मारून गेला. मी पारावर म्हणालो, अहो, तिथं आधीच काहीतरी आहे की! तर सगळे माझ्याकडं असे बघायलेत, की ह्याला सकाळीच चढली काय. एकजण म्हणाला, ‘काय आहे तिथं? कुसळं?’

हो, कुसळं. त्यावरच बोलायचंय.

आज सकाळी भाच्याला मोटारसायकलवर मागं बसवलं आणि नायगावच्या मयूर अभयारण्यात गेलो. १९९४ साली मोरांसाठी राखलेलं, साधारण तीस चौरस किलोमीटरचं रान. लहानपणापासून त्याच्या बाजूनं ये-जा आहे, पण बघायला म्हणून पहिल्यांदाच आत गेलो. पुण्या-मुंबईचा पाहुणा आला तर विचारील, जंगल कुठंय? बालाघाटाचे उतार, पायाखाली मुरूम, मधून मधून हिवर, बोर, बाभूळ, ओढ्याच्या कडेनं तेवढी गच्च झाडी. बाकी सगळं गवत आणि कमरेएवढा पिवळाधमक तरवड (माझं इथलं नाव त्यावरूनच). म्हणजे थेट आमचं गायरान! ह्याला फाटक आहे, पाटी आहे, आमच्याला नाही, एवढाच फरक.

मोर दिसले त्याचं नवल नाही, ओरडून ओरडून त्यांनी कान किटवले. पण आमचा सगळा वेळ खाल्ला चिमणीपेक्षाही लहान अशा एका पाखरानं. नराचं डोकं करडं, पोट काळं. जमिनीवरून उठायचं, पंख फडफडवत सरळ वर जायचं आणि एकदम पंख मिटून दगड टाकल्यासारखं खाली. आता आपटतंय म्हणेपर्यंत सावरून परत वर. खाली येताना बारीक शीळ. भाचा म्हणाला, ‘मामा, हे कोलांट्या मारायलंय.’ घरी येऊन पुस्तकात बघितलं तर नावच डोंबारी! चंडोलाच्या कुळातलं. ज्यानं कुणी हे नाव ठेवलं त्याला आपला रामराम. आता ह्या पाखराला झाड लागतच नाही. घरटं जमिनीवर गवताच्या आडोशाला, दाणे-किडे जमिनीवर, खेळ हवेत. तिथं गच्च झाडी केली तर त्यानं जायचं कुठं?

तर प्रश्न असा, की ग्रामसभेत उभं राहून बोलू काय? ‘माळ वाचवा’ म्हटलं तर लोक हसतील. तुमच्याकडं असं काही झालंय का? आणि आमच्या माळावर नेमकं काय काय असतं ते कुणी जाणकारानं सांगा. मला कुसळी आणि हराळीच्या पलीकडं गवत ओळखत नाही.

लातूरवाला
रविवार, रात्री १०:०३

तरवडदादा, राग मानू नका, पण मी तुमच्या गावकऱ्यांच्या बाजूनं. आमच्या जिल्ह्यात जंगल औषधाला नाही. वडवळ नागनाथचं बेट सोडलं तर पोरांना ‘हे रान’ म्हणून दाखवायला जागा सुचत नाही. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. त्या दिवसात मी रात्री दोन-दोन वाजता टँकरसाठी घागरी लावून बसलेलो आहे. ज्यानं ते बघितलं त्याला, कुणी झाडं लावायलंय म्हटल्यावर ‘नको’ म्हणवत नाही. इथं झाडं नाहीत म्हणून आम्ही रडतोय आणि तुम्ही म्हणताय गवत वाचवा! गवताचं काय, पाऊस पडला की उगवतंच.

भर_दुपार
रविवार, रात्री १०:३१

धागा भारी आहे. वाखुसा (वाचनखूण साठवली).

पाथरी
रविवार, रात्री ११:२०

‘गवताचं काय, उगवतंच.’ लातूरवाले, हे वाक्य मी अंबाजोगाईत वनस्पतिशास्त्र शिकवताना इतक्यांदा ऐकलंय की तुमच्यावर रागावणार नाही. उगवतं ते कोणतं, एवढंच बघायला सांगते.

तरवड, तुमच्या गायरानावर उद्या जा आणि एक हात लांबी-रुंदीचा चौकोन डोळ्यासमोर धरून खाली बसा. चांगल्या माळावर पवना, शेडा, मारवेल, डोंगरी अशी गवतं सापडतात. ही दरसाल बी पडून नव्यानं उगवणारी नव्हेत, ह्यांचे ठोंब वर्षानुवर्षं टिकतात. उन्हाळ्यात वर काडी दिसते, पण ठोंब खाली जिवंत असतो. एखादा ठोंब उपटून बघा (एकच, आणि परत लावा). वर जेवढं दिसतं त्याच्या मानानं खालचा मुळांचा गुंता केवढा असतो ते कळेल. त्या गुंत्यानं चार बोटं माती मुरमाला धरून ठेवलेली असते. पाऊस त्या ठोंबांत अडखळत खाली उतरतो आणि मुरतो. लातूरवाले, पाण्याचं म्हणत होतात ना, ते पाणी तिथं आहे.

जनावर आधी मारवेल खातं, कारण तो गोड. तेच ते चरत राहिलं की मारवेल-पवना मागं पडतात आणि कुसळी पुढं सरते. कुसळी कोवळी असताना चाऱ्याला बरी, बी धरल्यावर जनावर तोंड लावत नाही. त्याहून जास्त चरलं की बारीक वर्षायू गवतं उरतात. आणि जमीन खणून उलथीपालथी केली की पहिला पाहुणा येतो गाजरगवत. हे अमेरिकेकडचं तण, पुण्याच्या बाजूला १९५० च्या दशकात दिसलं आणि आज आपल्या दारात आहे. तुमच्या त्या सत्तर-ऐंशी खड्ड्यांच्या कडांवर पुढच्या पावसाळ्यात काय उगवलंय ते बघून इथं लिहा. पैज लावायला तयार आहे.

आता कुसळाबद्दल. ज्याला गावानं नाक मुरडलं, ती वनस्पतीची कारागिरी आहे. घरात जुनं पोतं, घोंगडी, वाकळ असेल तर त्यात मागच्या हंगामाचं एखादं कुसळ अडकलेलं नक्की सापडेल. चिमट्यानं काढा. एका टोकाला टणक, टोकदार बी, त्यावर मागं वळलेली बारीक लव. बीच्या मागं लांब काळपट शेपूट, दोरीसारखा पीळ पडलेली. ते पाण्याच्या थेंबात ठेवा आणि हलू नका. अर्ध्या मिनिटात शेपूट फिरायला लागते, पीळ उलगडतो. वाळलं की पीळ परत बसतो. माळावर रात्रीच्या दवानं ओलं, दिवसाच्या उन्हानं कोरडं, असं आळीपाळीनं होत राहतं आणि प्रत्येक फेऱ्यात टोक मातीत थोडं थोडं घुसतं. लव मागं वळलेली, त्यामुळं बाहेर येण्याचं नाव नाही. बी स्वतःची पेरणी स्वतः करतं, पाभर लागत नाही. तुमच्या मोज्यात घुसतं तेही ह्याच हिकमतीनं. मोजा म्हणजे जमीन, असं त्याला वाटतं.

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ म्हणताना आपण कधी कुसळ नीट बघितलेलं नसतं, हे आलंच.

काळी_जमीन
सोमवार, सकाळी ६:४०

कौतुक चालू द्या तुमचं. माझी जमीन राखीव रानाच्या बांधाला लागून आहे, म्हणून दोन शब्द.

सोयाबीन दोन पानावर आलं की हरणं. हरभऱ्याला घाटे लागले की रोही. भुईमुगाला डुकरं. रात्री बॅटरी आणि पत्र्याचा डबा घेऊन माळ्यावर मी, दिवसा मोबाईल घेऊन फोटो काढायला तुम्ही. एकदा अर्ज दिला. पंचनाम्याला माणूस आला तोवर सोयाबीन परत फुटून हिरवं झालतं. म्हणतो, नुकसान कुठाय? मी म्हणलं साहेब, दोन महिने थांबा, पोत्यात दाखवतो.

हरणाचा राग नाही. त्याला काय कळतंय कुठं कुंपण आहे. पण माळ वाचवायचा तर त्याचं ओझं बांधाच्या माणसानं एकट्यानं का उचलायचं, हे ग्रामसभेत बोला. मग ऐकतील.

तरवड
सोमवार, सकाळी ८:१५

काळी_जमीन भाऊ, ‘पोत्यात दाखवतो’ला हसलो आणि मग हसू आवरलं. तुमचं म्हणणं शंभर टक्के. आमच्या गायरानावर हरणं फार नाहीत, पण उद्या झाली तर हाच प्रश्न येणार.

पाथरीताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला, एकदा भाच्याला वाचून दाखवला. तो आत्ताच माडीवर जुनी पोती उचकायलाय.

येडशीकर
सोमवार, दुपारी १:२०

काळी_जमीन यांच्या मुद्द्याला शेजारचं उदाहरण. माळढोकसाठी १९७९ साली सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र किती, तर जवळपास ८,४९६ चौरस किलोमीटर! त्यात लोकांची शेतं आली, गावं आली, शहरंसुद्धा आली. आपल्याच जमिनीच्या व्यवहाराला अडथळे, त्यामुळं पक्षी दिसला की आनंद व्हायच्या ऐवजी लोकांच्या पोटात गोळा. पुढं क्षेत्र कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. तोवर सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर माळढोक हाताच्या बोटावर मोजण्याइतका राहिला होता, आता तर एखादा दिसला तरी बातमी होते.

नराचं वजन पंधरा किलोपर्यंत जाणारा पक्षी. मादी उघड्या जमिनीवर एकच अंडं घालते. कुत्र्यानं ते खाल्लं की वर्ष वाया. त्याला लांबवर दिसेल असा मोकळा माळ लागतो. आणि त्याच नान्नजच्या माळावर मधल्या काळात गिरिपुष्पाची लागवड झाली, हिरवळ वाढावी म्हणून. ज्याच्यासाठी अभयारण्य केलं त्याच्याच अंगणात झाडी! हेतू वाईट नव्हता, तुमच्या गावाचाही नाही. म्हणून सांगतोय.

अवांतर: आमच्या येडशी-रामलिंगच्या अभयारण्यात २०२४ च्या डिसेंबरात वाघ आला, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. यवतमाळच्या टिपेश्वरहून. अभयारण्य आमचं जेमतेम बावीस चौरस किलोमीटरचं. सगळे विचारतात, राहील का, जाईल का. मला वेगळंच वाटतं. तिथून इथवर सलग जंगल कुठंच नाही. तो आला ओढ्यांनी, उसानं, गायरानांनी, पडीक माळांनी. ज्याला आपण कागदावर ‘काही नाही’ म्हणतो त्यातून शेकडो किलोमीटर चालत आला.

लेन्सवाला
सोमवार, संध्याकाळी ७:४४

मस्त धागा! पुण्याहून शनिवार-रविवारी येऊ शकतो. धाविक पक्षी आणि लांडग्याची वीण, ह्या दोन्हीचं नेमकं ठिकाण कुणी देईल का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला तरी चालेल.

पाथरी
सोमवार, रात्री ८:१०

नाही.

एवढंच लिहिणार होते, पण उद्धट वाटेल म्हणून कारण देते. धाविक घरटं बांधत नाही. मुरमात किंचित खळगा, त्यात मातीच्या रंगाची ठिपकेदार अंडी. मी एकदा तीन पावलांवर उभी होते आणि मला दिसलं नाही. बरोबरचा गुराखी पोरगा ‘बाई, पाय!’ म्हणून ओरडला म्हणून वाचलं. गाडीचं चाक आणि पाच जणांचे बूट तिथं आले तर काय होईल ते सांगायला नको. आणि विणीपाशी माणसाचा वावर वाढला की लांडगी पिलं तोंडात धरून दुसरीकडं हलवते. वाटेत एखादं मागं राहतं.

ऑक्टोबरनंतर या. मध्य आशियातून भोवत्ये, म्हणजे शिकारी पक्षी, आलेले असतात. संध्याकाळी गवतावरून एक-दीड माणूस उंचीवर, पंख इंग्रजी व्ही सारखे उचलून तरंगत जातात. रात्री झाडावर बसत नाहीत, गवतातच जमिनीवर मुक्काम. नाकतोडे हे त्यांचं मोठं खाणं. पांढुरका भोवत्या मावळतीच्या उजेडात पकडा, तुमच्या कॅमेऱ्याचे पैसे वसूल.

लेन्सवाला
सोमवार, रात्री ८:२६

चूक कबूल, ताई. ऑक्टोबरात येतो.

भर_दुपार
सोमवार, रात्री ९:०५

काल नुसतं वाखुसा लिहून पळालो होतो. आज थोडं लिहितो.

माझी शाळा भूमकडं, मागं माळ. मे महिन्यात कुणी माळावर जात नाही, आणि खरी मौज तेव्हाच असते. दुपारी बारा-एकला, चप्पल वितळेल अशा उन्हात, प्रत्येक मोठ्या दगडावर एक सरडा. वितीएवढा, मातकट, लक्षसुद्धा जाणार नाही असा. पण दुसरा नर दिसला की गळ्याखालची पिशवी पंख्यासारखी फटकन उघडतो, आणि ती निळी, काळी, नारिंगी! वाळलेल्या माळावर तेवढाच एक रंग. उघड, मीट, उघड, मीट. मादी कुठंतरी गवताच्या काडीआड बसून बघत असते. पाऊस तोंडावर आला की हे लग्नसराईचं काम जोरात. गंमत म्हणजे ह्यातल्या काही जातींसाठी शास्त्रज्ञांनी २०१६ साली नवा वंश (जीनस) मांडला आणि त्याचं शास्त्रीय नावच ‘सरडा’ ठेवलं, आपल्या मराठीतलं. तेव्हापासून मी पोरांना सांगतो, तुमच्या शाळेमागचा प्राणी लॅटिनमध्ये मराठी बोलतो.

त्याच दिवसात सकाळी पाझर तलावाच्या उरलेल्या डबक्यावर पखुर्ड्या येतात. कबुतराएवढ्या, थव्यानं, ठरलेल्या वेळेला. नर पाण्यात पोट बुडवून बसतो, अंग हलवतो, आणि पोटाची पिसं भिजवून उडून जातो. दूर कुठं माळावर त्याची पिलं असतात, ती ती पिसं चोखून पाणी पितात. कावड घेऊन निघालेला बापच तो.

मृग लागला की लाल मखमली किडे. पोरं काडेपेटीत भरून वर्गात आणतात. त्याला आठ पाय असतात, किडा नव्हेच तो, कोळ्या-विंचवाच्या नात्यातला. पण ‘मृगाचा कोळी’ म्हटलं तर पोरं ऐकणार नाहीत.

घोंगडी
मंगळवार, रात्री १०:५०

बाकीच्यांनी पुस्तकातलं लिहिलं, मी घरातलं लिहितो. आम्ही धनगर. आजोबा, वडील मेंढरामागं. मी बीडला नोकरीला, पण चुलतभावाकडं अजून दीडशे मेंढरं आहेत.

पाथरीताईंनी कुसळाची कारागिरी सांगितली ती खरी, पण मेंढराला विचारा. कुसळ लोकरीतून कातडीत जातं, तिथून मासात. कातरताना हाताला टोचतात, कधी डोळ्यात जाऊन मेंढरू आंधळं होतं. म्हणून आजोबा कुसळीच्या माळावर कोवळेपणीच मेंढरं घालायचे आणि बी काळं पडायच्या आत बाहेर काढायचे. ही तारीख कुणी पंचांगात लिहिलेली नाही, गवताकडं बघून कळते.

दुसरं, चराई म्हणजे माळाचा शत्रू, असं वरती थोडं थोडं वाटायलंय. जास्त चराई शत्रू आहे, कबूल. पण राखीव रानात पाचर मारून मेंढरू आत येऊच द्यायचं नाही, हेही आम्हाला पटत नाही. पूर्वी कुरणाला गावाची रीत असायची. पावसाळाभर बंद. दसरा झाला, बी पडलं, की कापायचं. मग जनावर सोडायचं. मेंढरू खुरानं बी मातीत दाबतं, लेंड्या टाकतं, वाळकी काडी मोडून टाकतं. तीच काडी तशीच उभी राहिली की उन्हाळ्यात एक बिडी पुरते आणि सगळा डोंगर जातो. जाळरेषा काढायला दरसाल मजूर लावतात. आमचं मेंढरू ते काम फुकट करायचं.

लांडग्याचं. लोक विचारतात राग येत नाही का. येतो की! रात्री वाघर (जाळ्याचं कुंपण) लावलेली, कुत्री बांधलेली नाहीत, मोकळी, तरी ते येतं आणि कोकरू नेतं. चुलती शिव्या घालते दोन दिवस. पण आजोबा म्हणायचे, ते माळाचं राखणदार, त्याचा वाटा काढून ठेवायचा. मी काही एवढा मोठ्या मनाचा नाही. फक्त एवढं सांगतो, की लांडगं एक नेतं आणि जातं. गावातली मोकाट कुत्री शिरली तर एका रात्रीत दहा-बारा फाडून टाकतात आणि खात पण नाहीत. नाव मात्र लांडग्याचं होतं. त्या कुत्र्यांचे रोग लांडग्याला लागतात, त्यांच्याशी संकर होतो, ते वेगळंच.

खर्पुडी माहीत आहे का कुणाला? खाली बटाट्यासारखा कंद. आम्ही लहानपणी काठीनं उकरून कच्चा खायचो. आणि माकडशिंग, दगडाच्या फटीतलं, बिनपानाचं, आंबट-कडू. तहान लागली की चघळायचं.

तरवडभाऊ, खड्ड्याचं एक विसरलो. गवत वाढलं की खड्डा दिसत नाही. मेंढरू पळताना त्यात पाय घालतं आणि पाय जातो. मागच्या साली दुसऱ्या एका गावच्या माळावर आमच्या चार माद्या अशाच गेल्या. रोपं तर कधीच मेली होती, खड्डे राहिले.

पाथरी
मंगळवार, रात्री ११:३०

घोंगडी, दंडवत. दसऱ्यापर्यंत बंद आणि मग चराई, ही रीत मी वर्गात शिकवायला हवी होती.

खर्पुडी म्हणजे कंदीलपुष्पाच्या गणातली. ह्या दिवसात फुलायला लागते, तरवड, तुमच्या भाच्याला शोधू द्या. वेल बारीक, झुडपाच्या आधारानं वर आलेली. फूल बोटाच्या पेराएवढं, खाली फुगीर, वर नळी, माथ्यावर पाकळ्या टोकाशी जुळून खिडक्या झालेल्या, अगदी आकाशकंदील. बारीक माशी वासानं आत शिरते. नळीत खाली वळलेले केस असतात, उतरता येतं, चढता येत नाही. माशी तळाशी कोंडली जाते, धडपडते, परागाची पुडकी तिला चिकटतात. मग केस कोमेजतात, दार उघडतं, माशी सुटते, आणि शहाणी न होता दुसऱ्या कंदिलात शिरते. कंद मात्र आता खाऊ नका रे. तेव्हा पोरं चार आणि माळ चाळीस होते.

ग्रामसभेसाठी एक कामाची गोष्ट. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही असायला हवी. तुमच्या पंचायतीच्या कपाटात ती असेल. काढायला लावा. त्यात गायरानाच्या पानावर काय लिहिलंय ते सगळ्यांसमोर वाचा. कोरं असेल तर घोंगडींनी वर लिहिलंय तसं आजोबांच्या वयाच्या माणसांना विचारून भरा.

लातूरवाला
बुधवार, सकाळी ७:१०

तीन दिवस नुसतं वाचलं. पखुर्डीच्या कावडीनं माझी विकेट काढली.

माझा हट्ट पूर्ण सुटलेला नाही. मग झाडं लावायची तरी कुठं? उगीच वाद म्हणून नाही, खरंच विचारतोय. आमच्या सोसायटीत दरवर्षी पोरं उत्साहानं जमतात, त्यांना ‘लावू नका’ म्हणून घरी पाठवू का?

येडशीकर
बुधवार, सकाळी ९:३५

पाठवू नका. ओढ्याच्या काठाला लावा, बांधाला, शाळेत, रस्त्याच्या कडेला, मसणवट्यात. जिथं माती हातभर आहे तिथं. करंज, जांभूळ, उंबर, लिंब, काय हवं ते. माळावर जी आहेत तीच राहू द्या, हिवर, बोर, एखादा पळस, एखादा आपटा, विरळ. खाटीक पक्षी बाभळीच्या काट्याला नाकतोडे टोचून ठेवतो, त्याला एक बाभूळ पुरते. त्याला बाभळीचं बन लागत नाही.

आणि वेडी बाभूळ लावू नका. ती न लावताही येते.

काळी_जमीन
बुधवार, दुपारी २:०२

बांधाला लावा म्हणणाऱ्यांनी बांधाच्या मालकाला विचारा. सावलीत माझं पीक पिवळं पडतं. ओढ्याला लावा, तिथं आपली हरकत नाही.

तरवड
शुक्रवार, रात्री ९:४८

झाली ग्रामसभा. सविस्तर लिहितो, कारण अर्धं भाषण तुमचंच होतं.

भाषण मी केलंच नाही. झेंडावंदन, खाऊ, मग सभा. ठराव वाचला. मी म्हणालो, माझा भाचा एक गंमत दाखवणार आहे, दोन मिनिटं द्या. पोरानं माडीवरच्या पोत्यातून सात कुसळं काढली होती. सरपंचांच्या टेबलावर चहाची बशी ठेवली, बशीत पाणी, पाण्यात कुसळ. आधी काहीच होईना. मागून कुणीतरी शिट्टी मारली, माझ्या कानाची पाळी गरम झाली. मग शेपूट हलली. फिरली. बशीच्या कडेला लागली आणि बी आपोआप कलंडून उभं राहायला बघायलं. पहिल्यांदा सरपंच वाकले, मग ग्रामसेवक, मग सगळी पोरं टेबलावर पडली. दुसरं कुसळ टाकलं, तिसरं टाकलं. पाचव्याला बशी सांडली.

हसणं थांबल्यावर एक म्हातारी उठली. नाव लिहित नाही, पण ती सभेत कधी बोलत नाही. म्हणाली, वरच्या अंगाला आम्ही मारवेल कापायचो, पेंढ्या बांधून बाजारला न्यायचो, त्यावर माझ्या दोन लेकींची लुगडी आली. आता तिथं मारवेल राहिलाय का रं, हे तुम्ही बघितलंय का? कुणीच बघितलं नव्हतं. मीसुद्धा. मी शब्दही काढला नाही.

नोंदवही निघाली. कपाटातच होती, प्लास्टिकसकट. गायरानाच्या पानावर एक ओळ: ‘पडीक, गवत.’ सरपंचांनाच जरा ओशाळल्यासारखं झालं.

ठराव असा झाला, की ओढ्याच्या काठाची सातेक एकर झाडांना द्यायची. बाकीच्यावर ह्या वर्षी काही करायचं नाही, दसऱ्यापर्यंत जनावर घालायचं नाही, आणि पुढच्या सभेआधी म्हातारीसह चार जणांनी माळ फिरून गवतं लिहून काढायची. जिंकलो असं म्हणणार नाही. ‘ह्या वर्षी’ हा शब्द मुद्दाम घातलाय, मला कळतंय तो कुणी घातला ते. आणि दसऱ्यापर्यंत बंदी कोण पाळतंय ते बघायचं, दोन घरं अशी आहेत की त्यांना कुठलीच बंदी कळत नाही.

काळी_जमीन भाऊ, तुमचा मुद्दा मांडला. सगळे ‘बरोबर आहे’ म्हणाले आणि पुढच्या विषयावर गेले. खोटं कशाला सांगू.

खड्डे बुजवायला कुठल्याही योजनेत पैसा नाही, तो फक्त मारायला असतो. आज सभेनंतर मी, भाचा आणि त्याचे तीन मित्र फावडी घेऊन गेलो, अकरा बुजवले. बाराव्यात पाणी साचलेलं, कडेला माळटिटवी उभी होती, आम्हाला बघून एवढी बोंब मारायला लागली की तो तसाच ठेवला. आजूबाजूला पिल्लू असणार. शोधलं नाही. पाथरीताई, तुमची पैज हरायची मला घाई नाही, पण कडांवर गाजरगवताची बारकी रोपं आत्ताच दिसायलीत.

कंदीलपुष्प सापडलं नाही. माकडशिंग सापडलं, भाच्यानं चघळलं आणि थुंकलं.

घोंगडी
शुक्रवार, रात्री ११:१५

ते कच्चं खायचं तर कोवळं टोक घ्यायचं, बुडखा नाही. सांगायला विसरलो.

दसऱ्यानंतर चुलतभावाचा मेंढवाडा तुमच्याच शिवारातून जातोय. सरपंचांना विचारून ठेवा, चार रात्री बसवू द्या, लेंडी तुमच्या माळाला. उरलेले खड्डे तेवढे तोवर बुजवा. एखाददुसरा राहिलाच तर त्यावर बोराटी टाका आणि काठीला लाल फडकं बांधा, अंधारात बॅटरीनं दिसतं. त्या दिवसात कोकरं नुकती चालायला लागलेली असतात.